भूमिती अडली की आधी आकृती काढायला लावा

दहावीचा गणित भाग दोनचा, म्हणजे भूमितीचा, पेपर ४० गुणांचा. मुलगा त्यात अडला की आईबाप सूत्रांचा तक्ता आणून भिंतीला चिकटवतात. माझ्याकडे सोलापुरातल्या अशोक चौकाच्या बाजूने एक मुलगा शिकायला येतो. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, घरात तेलुगू, शाळा मराठी. तक्ता पाठ करूनच आला होता. "अक्का, सगळं येतंय की ओ, पेपरातच जमंना." त्याच्याकडून काय काय करून घेतलं ते लिहिते.

आधी पाठांतर किती आणि समज किती ते बघा. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. आकृती उलटी काढा, एबीसी ऐवजी एक्सवायझेड लिहा आणि सिद्ध करायला सांगा. आमच्या गड्याने एक्सवायझेडच्या आकृतीखाली एबीसीची सिद्धता जशीच्या तशी उतरवली, आणि वर निवांत बसला. अशा मुलापुढे आणखी उदाहरणं टाकून उपयोग नाही. मी नुसतं उदाहरण वाचायचे, त्याने आकृती काढून दिलेली मापं त्यात भरायची, उत्तर काढायचंच नाही. तो चिडला. गणित कधी सुरू होणार, असं त्याची आई विचारून गेली. तरी हे सोडू नका. कोणती बाजू कुठे आहे हेच दिसत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

समरूपतेत, म्हणजे आकार तोच पण माप लहानमोठं असलेल्या त्रिकोणांत, अक्षरांचा क्रम पाळायचा. त्रिकोण एबीसी आणि पीक्यूआर समरूप, एवढं लिहिल्यावर आकृतीकडे न बघता एबी भागिले पीक्यू, बीसी भागिले क्यूआर, एसी भागिले पीआर लिहिता आलं पाहिजे.

सिद्धता मी खालून वर वाचायला लावते. चक्रीय चौकोनाच्या (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या) संमुख कोनांची बेरीज १८०° दाखवायची आहे. मग १८० येणार कुठून? दोन्ही आंतरलिखित कोन, म्हणजे शिरोबिंदू वर्तुळावर असलेले. प्रत्येक कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा. दोन्ही कंस मिळून अख्खं वर्तुळ, म्हणजे ३६०°, त्याचं निम्मं १८०. पोराने हे स्वतः तोंडाने सांगितलं, तेव्हापासून सिद्धतेतला कारणांचा रकाना रिकामा राहिला नाही.

रचनांना फार वेळ घालवू नका. पेन्सिलीला टोक हवं आणि कंपासचा स्क्रू घट्ट हवा, बाकी हात बसतो.

त्रिकोणमितीत मात्र रेंगाळा. दिलेल्या कोनावर बोट ठेवायला सांगा. आधी काटकोनासमोरचा कर्ण बाजूला काढायचा. उरलेल्यांपैकी बोटाला चिकटलेली ती लगतची बाजू, समोरची ती संमुख. मग बोट दुसऱ्या लघुकोनावर: दोघींची अदलाबदल होते, कर्ण जागचा हलत नाही. साईन, कोसाईन, टॅनच्या किमतींचा तक्ता भिंतीवरून काढून टाका. २ बाजूचा समभुज त्रिकोण मधोमध कापला की १, √३, २ मिळतात. १ बाजूच्या चौरसाचा कर्ण √२. ३०°, ४५°, ६०° चं सगळं या दोन आकृत्यांत आहे. साईन वर्ग अधिक कोसाईन वर्ग बरोबर १, हे तर पायथागोरसला कर्णाच्या वर्गाने भागलेलं.

नंतर वही मिटून बाहेर चला. सोलापुरात मार्चअखेरीला सकाळी पावणेदहाच्या सुमारास सूर्य ४५° वर असतो. विजेच्या खांबाची सावली खांबाएवढीच पडते. टॅन म्हणजे संमुख बाजू भागिले लगतची, इथे खांब भागिले सावली; टॅन ४५ म्हणजे १, हे फरशीवर मोजून घ्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि खांबाची सावली नाहीशी होते. टॅन ९० का काढता येत नाही ते तिथे कळतं, शून्याने भागणार कसं? (टोपी घालून जा, ऊन आपलं माहीतच आहे.)

कोनमापकाच्या मधल्या भोकातून मागावरचं सूत ओवून खाली नट बांधा. सरळ कडेवरून पाण्याच्या टाकीचा माथा बघायचा; सूत ९० पासून जितकं सरकेल तेवढा उन्नत कोन, म्हणजे आडव्या रेषेपासून नजर वर गेलेला कोन. टाकी २० मीटरवर, कोन ४५°, तर २० मीटर आले. त्यात डोळ्यांची उंची, समजा दीड मीटर, मिळवायची. ती बहुतेक मुलं विसरतात, आमचाही विसरला आणि टाकी बुटकी निघाली म्हणून हसत बसला.

आता त्रिकोणमिती त्याची ठीक आहे. महत्त्वमापनात (क्षेत्रफळ-घनफळाच्या धड्यात) शंकूची उभी उंची आणि तिरकस उंची अजून एकमेकींच्या जागी घालतो. सध्या उत्सवाच्या कागदी टोप्या आणून उभ्या कापतोय: मधून उंची, तळाला त्रिज्या, कडेला तिरकस उंची, पुन्हा तोच काटकोन त्रिकोण. घनफळाला कुठली घ्यायची हे त्याला टोपी हातात असली की सांगता येतं. टोपीशिवाय अजून नाही.