अपराइट बेससाठी अँप: वॅटच्या आधी इनपुट बघा

ब्लूग्रास म्हणजे बँजो-मँडोलिनवालं अमेरिकन लोकसंगीत. त्याच्या बँडमध्ये सहसा ड्रम नसतो. ठेका अपराइट बेस (उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि मँडोलिनचा ‘चॉप’ (तारांवरचा तुटक आघात) मिळून धरतात. तेव्हा अँपनं दणदणाट करायचा नाही, बँजोच्या कडकडाटात बेस हरवू द्यायचा नाही, एवढंच. दुकानात आधी वॅट विचारू नका, इनपुट इम्पीडन्स विचारा, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला अँप किती विरोध करतो ते. घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) लावलेल्या पिएझो पिकअपला, म्हणजे कंपनांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या तुकड्याला, निदान 1 मेगाओम तरी हवा, 10 असेल तर उत्तमच. तो कमी पडला की खर्ज गळतो आणि उरतो पत्र्यासारखा किनरा आवाज. मग लोक बेसचं बटण पिळत बसतात!

दुसरं, हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टीखालचे आवाज कापणारी चाळणी. सर्वांत जाड ई तार सुमारे 41 हर्ट्झवर बोलते. त्याखालची नुसती मंचाची थरथर, ती कापलेलीच बरी. फेज स्विचही (सिग्नल उलटा करणारं बटण) हवा. घुमायला लागलं की तो उलटा करून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. स्पीकर 8 किंवा 10 इंची पुरतो. अँप जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा, गुरगुर कमी होते.

आणि खरेदीला स्वतःचा बेस घेऊन जा, कितीही अवजड असला तरी. दुकानातल्या इलेक्ट्रिक बेसवर यातलं काही कळत नाही.