चिनी शिकताना पुढची कादंबरी कशी निवडावी

पुढची कादंबरी निवडताना बहुतेक शिकणारे नावाजलेलं पुस्तक उचलतात आणि विसाव्या पानावर थांबतात. मुलांची पुस्तकंही वाटतात तितकी सोपी नसतात. प्राण्या-पक्ष्यांची नावं, निरनिराळ्या आवाजांचे शब्द, घरगुती उद्गार यांतलं पाठ्यपुस्तकात फारसं काही आलेलं नसतं. म्हणून पुस्तक आपल्याला झेपेल की नाही, हे त्याच्या पानांवरच तपासावं.

आधी लांबी बघा. चीनमध्ये छापलेल्या पुस्तकात प्रकाशनाच्या तपशिलांच्या पानावर एकूण अक्षरसंख्या हजारांत दिलेली असते. ती छपाईच्या जागेवरून काढतात, विरामचिन्हं आणि मोकळी जागाही धरतात, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी असतो. मिनिटाला 100 अक्षरांचा वेग धरला तर 1,20,000 अक्षरांना 20 तास लागतात, म्हणजे रोज अर्धा तास वाचून 40 दिवस. 6,00,000 अक्षरांना त्याच हिशेबाने 200 दिवस! पहिल्या दोन-तीन कादंबऱ्या दीड लाखाच्या आत ठेवा. या टप्प्यावर पुस्तक संपवल्याचा आनंदच पुढच्या पुस्तकाकडे नेतो.

लिपीही बघून घ्या. मुख्य भूमीवरची पुस्तकं सरलीकृत अक्षरांत असतात, तैवान आणि हाँगकाँगची पारंपरिक अक्षरांत. तैवानच्या कादंबऱ्या बहुधा उभ्या ओळींत. अवघड पुस्तक आणि नवी लिपी एकाच वेळी घेऊ नका.

आता खरी चाचणी. पहिलं पान सोडून द्या. तिथे लेखक अनेकदा गाव, हवा, डोंगर असं वर्णन करतो आणि पुढचं पुस्तक तसं नसतं. पाव भाग सरल्यावरचं एक आणि मधलं एक, अशी दोन ठिकाणं घ्या. प्रत्येक ठिकाणी 500 अक्षरं, म्हणजे साधारण 300 शब्द वाचा आणि न कळलेले शब्द मोजा. 6 पर्यंत असतील तर शब्दकोशाशिवाय वाचता येईल. 7 ते 15 असतील तर कोश हाताशी ठेवून. त्याहून जास्त असतील तर पुस्तक सध्या बाजूला ठेवा, कारण इतके अडथळे आले की कथेचा धागाच हातातून सुटतो.

मोजायचे ते शब्द, अक्षरं नव्हेत. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ‘मा’ म्हणजे घोडा, ‘शांग’ म्हणजे वर, पण ‘माशांग’ म्हणजे लगेच. दोन्ही अक्षरं ओळखीची असूनही शब्द अनोळखी असू शकतो. त्यात ‘मा’ हे आडनावही आहे. चिनी लिपीत मोठी अक्षरं नाहीत, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. त्यामुळे ‘लाओ मा’ दिसलं की म्हातारा घोडा की मा नावाचे गृहस्थ, हे संदर्भावरूनच ठरतं. पात्रांची नावं आधीच एका चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकात खूण म्हणून ठेवा.

भाषेचा बाज तितकाच महत्त्वाचा. तलवारबाजांच्या कादंबऱ्यांत जुनी पदं, शस्त्रं आणि चार अक्षरी म्हणी, म्हणजे ‘छंग-यू’, खच्चून भरलेल्या असतात. लाओ श या लेखकाच्या 1930च्या दशकातल्या कादंबऱ्यांत बीजिंगची बोली आहे. विज्ञानकथेत भौतिकशास्त्राचे शब्द येतात. ते विषय आवडत असतील तर मात्र हरकत नाही. सुरुवातीला आजच्या काळातली, बोलक्या भाषेतली, एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट बरी. यू हुआची ‘जगणं’ या अर्थाच्या नावाची कादंबरी शिकणाऱ्यांना त्यामुळेच मानवते: बराचसा भाग एक म्हातारा शेतकरी आपल्या साध्या बोलीत सांगतो आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात.

ती झाली की त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक घ्या. प्रत्येक लेखकाचे लाडके शब्द ठरलेले असतात आणि पहिली 30 पानं त्यांच्याशी ओळख होण्यातच जातात. दुसऱ्या पुस्तकात ती मेहनत वाचते.

30 पानांनंतर पुन्हा 500 अक्षरं मोजा. अनोळखी शब्द कमी झाले नसतील तर खूण घालून पुस्तक ठेवून द्या, आणखी दोन पुस्तकं वाचा, मग त्याच पानापासून पुन्हा मोजा.