ओलीस, डांबलेला की कैदी? बातमी लिहिताना या चुका टाळा

हिंदी वाहिनीवरची पट्टी घाईघाईत मराठीत उतरवली की ‘प्रवाशांना बंधक बनवले’ असं काहीतरी छापून येतं. मराठीत माणसाला ओलीस ठेवतात.

पण कोंडलेला प्रत्येक जण ओलीस नसतो. ओलीस हा एक प्रकारचा जामीन. १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेव्हा अटींची हमी म्हणून बाळ संभाजीराजे मिर्झाराजांच्या छावणीत राहिले. ते ओलीस. पुढच्याच वर्षी आग्र्यात महाराजांच्या मुक्कामाभोवती पहारे बसले, ती नजरकैद. तेव्हा आधी बघा, त्या माणसाच्या बदल्यात कोणाकडून काही मागितलंय का? थकलेला पगार मागणाऱ्या कामगाराला मालकाने गाळ्यात कोंडलं, तर ‘डांबून ठेवलं’ एवढं पुरे. २६/११च्या रात्री ताजमध्ये खोल्यांची दारं आतून लावून बसलेले पाहुणे अडकलेले होते. नरिमन हाऊसमध्ये अतिरेक्यांच्या ताब्यात होते ते ओलीस. दोघांची एकच बेरीज करू नये.

लिहिताना ‘ओलीसांची सुटका’ नको. पोलीस–पोलिसांना, तसं ओलीस–ओलिसांना. बंदिवान, बंदिस्त यांत ‘दि’ ऱ्हस्व. नुसता बंदी दीर्घ. हा बंदी मोठा फसवा. ‘आर्थर रोड कारागृहात बंदी वाढले’ म्हणजे माणसं वाढली, ‘बंदी वाढली’ म्हणजे मनाई. सगळा खेळ शेवटच्या अक्षराचा!

अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. पोलीस कोठडी मिळाली तर मुक्काम लॉकअपमध्ये, न्यायालयीन कोठडी मिळाली तर तुरुंगात. तिथेही खटला चालू असेपर्यंत तो कच्चा कैदी. ‘शिक्षा भोगतोय’ लिहू नका. एमपीडीए या प्रतिबंधात्मक कायद्याखाली धरलेला माणूस स्थानबद्ध. तीही शिक्षा नव्हे.

जेरबंद म्हणजे मुळात घोड्याने मान वर उडवू नये म्हणून बांधायचा पट्टा. आरेतला बिबट्या जेरबंद होतो, सोनसाखळी चोरही होतो. या शब्दात पकडणाऱ्याची मर्दुमकी आहे, म्हणून ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला तो कधीही लावू नये.

आणि ते रोजचं ‘चोरी सीसीटीव्हीत कैद’! दादर स्टेशनातली चोरी कॅमेऱ्यात टिपली जाते. कैद व्हायचाच तर चोर होईल, तोही सापडला तर.