मुलांचा स्टॅमिना वाढवताय? या चुका टाळा

शाळेत फिटनेस चाचणी होते, 600 मीटरला मुलगा धापा टाकत मागे राहतो आणि घरी ठराविक फर्मान सुटतं: उद्यापासून पहाटे पाचला उठून पळायचं. सगळ्यांत मोठी चूक हीच.

नववीतल्या मुलाचा नेहमीचा दिवस बघा. क्लास साडेआठला सुटतो, मग जेवण, मग गृहपाठ. अकराला अंथरुणात, पण हातात मोबाइल. डोळा लागतो साडेबाराला. पाचला वडील पांघरूण ओढतात, म्हणजे झोप झाली साडेचार तास. पहिला आठवडा नव्या बुटांच्या उत्साहात जातो. दुसऱ्यात पोरगं वर्गात पेंगतं, घरी येऊन दोन तास झोपतं आणि त्यामुळे रात्री आणखी उशिरापर्यंत जागं राहतं. तिसऱ्यात डांबरी रस्त्यावर पळून नडगी ठणकायला लागते आणि बूट माळ्यावर जातात. वर ‘आळशी’ हा शिक्का बसतो तो वेगळाच.

यात आळसाचा काही संबंध नाही. वयात येताना मेलाटोनिन हे झोप आणणारं हार्मोन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे झोपेची वेळ तासा-दोन तासांनी पुढे सरकते. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते. व्यायामाने शिणलेले स्नायू झोपेतच भरून येतात आणि ग्रोथ हार्मोनचा मोठा वाटाही गाढ झोपेत स्रवतो. ती झोप कापून पळवलं, तर थकवा साठतो, स्टॅमिना नाही.

म्हणून आधी रात्र दुरुस्त करा. साडेसहाला उठायचं असेल तर दहाला दिवा बंद, असा उलटा हिशोब मांडा. पण साडेबारावरून एकदम दहावर येऊ नका. मूल नुसतं छताकडे बघत पडतं. दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे या. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गच्चीत किंवा रस्त्यावर उजेडात काढायला लावा. महिनाभर लागतो. आठवड्यात फरक हवा असणाऱ्यांनी या फंदात पडू नये. पळणं, खेळणं संध्याकाळी. पाच ते साडेसहा उत्तम. क्लास आड येत असेल तर क्लासची वेळ बदलून मागा, झोपेची नको.

दुसरी चूक मोबाइलची. घराघरांत मिनिटांवरून भांडणं चालतात: दोन तास की अडीच? मोबाइल कोणत्या वेळी हातात आहे, हे मात्र कोणी बघत नाही. संध्याकाळच्या मोबाइलने मैदान जातं, रात्रीच्या मोबाइलने झोप. चार्जर हॉलमध्ये ठेवा आणि साडेनऊला घरातले सगळे फोन तिथे लागू द्या, आईबाबांचेही. ‘अलार्मला लागतो’ ही सबब साध्या गजराच्या घड्याळाने मिटते. नाइट मोडवर विसंबू नका. स्क्रीन पिवळी झाली म्हणून पुढचं रील थांबत नाही.

रविवारी बारापर्यंत लोळलं की सोमवारची सकाळ पुन्हा जड. सुट्टीतही तासाभरापेक्षा जास्त उशीर नको.

चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक दुपारी चारनंतर बंद.

रविवारी टर्फवर दोन तास खेळलं की आठवडा भागला, हाही गैरसमज. जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी 60 मिनिटं सांगते, त्यातले तीन दिवस दम लागेल आणि स्नायू-हाडांना ताण पडेल असे. तास सलग हवा असं नाही: क्लासला जाता-येता सायकल 20 मिनिटं, दोरीवरच्या उड्या 10, मैदान 30. पीटीच्या तासाचा अर्धा वेळ हजेरीत आणि रांगेत जातो, तो हिशोबात धरू नका.

600 मीटरला बहुतेक मुलं पहिल्या 200 मध्येच जीव काढतात. तीन मिनिटांचं लक्ष्य असेल तर प्रत्येक 200 ला एक मिनिट, पहिल्यालाही. सरावाला एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं दहा वेळा. आठवड्यातून तीनदा, मातीवर.

भरभर उंची वाढणाऱ्या मुलाला गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल, तर उड्या आणि पळणं कमी करा. ‘सहन कर’ म्हणू नका. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

झोप पुरी, खाणं बरं, तरी जिना चढताना दम लागतो? हिमोग्लोबिन तपासा, विशेषतः मुलींचं. 12 च्या खाली आलं तर आधी डॉक्टर, मग मैदान.