युजनेट: लॉगमध्ये ४३० आणि जुनी डाउनलोड्स अपुरी, त्यावरचा उपाय

लक्षण: सॅबएनझेडबीत (युजनेट या जुन्या चर्चा-जाळ्यावरून फाइल्स उतरवणारा प्रोग्राम) नव्या फाइल्स पूर्ण उतरतात, जुन्या अर्ध्यावर अडकतात. सर्व्हरचं उत्तर ४३०, म्हणजे त्या मेसेज-आयडीचा (लेखाची ओळखखूण) लेख तिथे नाही; युजनेटवर फाइल अशा अनेक लेखांत तुकड्यांनी ठेवलेली असते. पार२ ब्लॉकही (गहाळ तुकडे पुन्हा तयार करणारा जादा डेटा) अपुरे, त्यामुळे दुरुस्ती होत नाही.

कनेक्शन्स ८ वरून ३० केली, पोर्ट ११९ सोडून एसएसएलचा ५६३ घेतला, मग जास्त रिटेन्शनची (लेख जास्त दिवस जपून ठेवणारी) दुसरी सेवा घेतली. तेच लेख गायब. दोनदा पैसे भरून हाती तोच ४३०, जीव मेटाकुटीला येतो.

कारण: विक्रेते पुष्कळ, पण बॅकबोन (लेख प्रत्यक्ष साठवणारी मूळ सर्व्हर-यंत्रणा) मोजकेच. माझ्या दोन्ही सेवा एकाच बॅकबोनवर होत्या. कनेक्शन्सनी वेग वाढतो, नसलेला लेख येत नाही.

आधी एनझेडबी फाइल (डाउनलोडच्या सगळ्या लेखांच्या मेसेज-आयडींची यादी) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून अडकलेले चार-पाच मेसेज-आयडी काढले. मग वेगळ्या बॅकबोनचं लहानात लहान ब्लॉक अकाउंट घेतलं (ठरावीक जीबी, मासिक वर्गणी नाही). टर्मिनलमधून ओपनएसएसएलने ५६३ वर जोडून लॉगिन केलं आणि प्रत्येक आयडी कोनी कंसात घालून ‘स्टॅट’ आज्ञा दिली. २२३ आलं तर लेख आहे. तरी एकदा ‘बॉडी’ मागवून बघाच; काही सर्व्हर २२३ देतात आणि मजकूर देत नाहीत.

मग सॅबएनझेडबीत मुख्य सर्व्हरला प्रायॉरिटी ०, ब्लॉक अकाउंटला १ (लहान आकडा आधी). उलट केलंत तर ब्लॉकचे जीबी आधी संपतील. शेवटी हिस्टरीतून रीट्राय: फक्त गहाळ लेख ब्लॉकवरून आले आणि पार२ ने उरलेलं जुळवलं.