आधी पायाशी असलेलं पाणी बघा

घराजवळच्या तळ्यावर गेलात की पहिलाच गळ लांब भिरकावू नका. मासे पुष्कळदा काठापासून दोन-तीन मीटरवरच असतात. लव्हाळ्यात, पाण्यावर झुकलेल्या फांदीखाली त्यांना किडे मिळतात आणि आडोसाही. मात्र धपाधप चालत गेलात की सगळे पसार! माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीकडे जाणारी एक रेघ असते. पाण्यातली बारीकशी थरथरही तिला जाणवते. म्हणून चार पावलं मागेच थांबा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि गळ अलगद सोडा.

लहान गळ, गांडुळाचा तुकडा, दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा छोटा तरंगा आणि त्याला उभं ठेवणारं शिशाचं छोटं वजन, एवढं पुरे. माशाने आमिष धरलं की तरंगा दर वेळी बुडतोच असं नाही. कधी उभा तरंगा हळूच आडवा पडतो, म्हणजे माशाने आमिष शिशासकट वर उचललंय. मला तर हाच क्षण सगळ्यात आवडतो. तेव्हा हिसका न देता काठी नुसती उचला.

मासा परत सोडणार असाल तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगांपासून जपतो. तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणा. काठावर राहिली तर पाखरांच्या पायात गुरफटते.