जनावरांचा ट्रेलर घेताना या चुका टाळा: आधी खाली वाकून बघा

ट्रेलर बघायला गेलं की नजर आधी रंगावर जाते, मग दारावर, मग चाकांवर. मी पहिली दहा मिनिटं ट्रेलरखाली घालवतो, पाठीवर पडून, हातात टॉर्च आणि पेचकस घेऊन. ही सवय एका जुन्या ट्रेलरनं लावली. वरून सगळं ठणठणीत होतं, आत नवी रबरी मॅट, बाहेर ताजा रंग. तिसऱ्या महिन्यात धुण्यासाठी मॅट उचलली, तर मधल्या तीन फळ्या अंगठ्यानं दाबल्या तरी दबत होत्या. पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. त्याच सकाळी त्या फळ्यांवर गाय उभी करून आणली होती. धावत्या ट्रेलरमध्ये तिचा पाय खाली गेला असता तर, या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

मालाचा ट्रेलर आणि जनावरांचा ट्रेलर यांत दोनच मोठे फरक आहेत. इथला भार जिवंत असतो, तो हलतो, रेटतो, लाथ मारतो. आणि इथे तळ कायम ओला असतो, शेण-मुतानं. ट्रेलर घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंपैकी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

मॅट न उचलताच व्यवहार करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मुतातल्या युरियाचं विघटन होऊन अमोनिया तयार होतो, सोबत क्षारही असतात. हे पाणी मॅटच्या फटींतून खाली उतरतं आणि मॅट वरून दाबून बसलेली असल्यामुळे वाळत नाही. लाकडी फळी आतून कुजते, पोलादी पत्रा गंजतो, आणि "ॲल्युमिनियम गंजत नाही" म्हणून निर्धास्त असलेल्याच्या तळाला बारीक खड्डे पडत जातात. तांबडा गंज चढत नाही एवढंच खरं, पण क्षार आणि अमोनिया यांत भिजत राहिलेलं ॲल्युमिनियमही झिजतं.

म्हणून मॅट पूर्ण उचलायला लावा. "जड आहे, परत बसवायला त्रास होतो" असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. मॅट उचलल्यावर फळ्यांची टोकं आणि त्या जिथे आडव्या पट्ट्यांवर टेकतात ती जागा पेचकसानं टोचून बघा, कूज तिथून सुरू होते. पत्र्याचा तळ असेल तर खालून हातोडीनं हलकेच ठोका. चांगला पत्रा खणकन वाजतो, आतून खाल्लेला बद्द आवाज करतो. पुढचा कोपरा आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याखालची जागा खास बघा, पाणी तिथे साठतं.

मग चेसिसकडे, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या सांगाड्याकडे वळा. आडव्या पट्ट्या मुख्य दांड्यांना जिथे जोडल्यात तिथली वेल्डिंग, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, आणि पुढचा त्रिकोणी सांगाडा मुख्य चौकटीला जिथे मिळतो ती जागा. केसासारखी तडा असेल तर बहुधा इथेच सापडते. जुन्या ट्रेलरच्या पोटाला जाड काळं अंडरकोटिंग (गंज रोखणारा लेप) नुकतंच मारलेलं दिसलं तर मला शंका येते. ते चांगलंही असू शकतं, पण त्याखाली काय आहे ते ठोकून आणि खरवडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा मोजली, वजन मोजलंच नाही

"यात पाच जनावरं आरामात मावतात" हे वाक्य खरं असूनही ट्रेलर मोडू शकतो. हिशेब करून बघा. आतली जागा ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, म्हणजे ७.२ चौरस मीटर. युरोपीय संघाच्या जनावर-वाहतुकीच्या १/२००५ या नियमावलीत सुमारे ५५० किलोच्या जनावराला रस्त्यानं नेताना १.३ ते १.६ चौरस मीटर जागा धरली आहे. म्हणजे पाच जनावरं खरंच मावतात. त्यांचं वजन झालं २,७५० किलो. ट्रेलरचं स्वतःचं वजन १,१०० किलो धरा. एकूण ३,८५०. आणि ट्रेलरवर ठोकलेल्या कंपनीच्या प्लेटवर कमाल वजन ३,५०० किलो लिहिलेलं असेल तर तुम्ही साडेतीनशे किलो जास्त भरलेत, तेही जागा बरोबर मोजून.

त्यात मॅटचं वजन धरलंय का ते विचारा. १८ मिलिमीटर जाडीची भरीव रबरी मॅट चौरस मीटरला २० किलोच्या वर भरते. वरच्या ट्रेलरमध्ये ती एकटीच दीडशे किलोच्या आसपास जाईल.

चारच जनावरं नेली तर वजन बसतं, पण आता जागा सैल होते, आणि सैल जागेत जनावर ब्रेकसरशी पुढे आदळतं, चढावर मागे सरकतं. यासाठी मधलं फाटक हवं, आणि ते दोन-तीन ठिकाणी अडकवता येणारं असेल तर उत्तम. फाटकाची बिजागरी आणि कडी हलवून बघा. अख्खं जनावर त्यावर रेटा देणार आहे. पातळ नळीचं, नुसत्या दोन बोल्टांवर लटकलेलं फाटक पहिल्या वर्षातच वाकतं.

भार मागे सरकला की आणखी एक संकट असतं. गाडीच्या मागच्या हुकाला जोडायच्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यावा, असं सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. नेमका आकडा गाडी आणि ट्रेलर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतून घ्यावा. हुकावरचा भार फार कमी झाला की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. हा भार मोजायचा सोपा मार्ग म्हणजे वजनकाट्यावर आधी नुसती गाडी घ्या, मग भरलेला ट्रेलर जोडून फक्त गाडी काट्यावर ठेवा. दोन वजनांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. जनावरं आत असताना ट्रेलर गाडीपासून सोडून हा प्रयोग कधीही करू नका. ती मागे सरकली की पुढचं तोंड वर उचललं जातं.

धातू ऐकीव माहितीवर ठरवणं

कुणी म्हणतं ॲल्युमिनियमच घे, कुणी म्हणतं लोखंडाला तोड नाही. माझं मत विचाराल तर खडबडीत, खड्ड्यांचा रस्ता रोजचा असेल तर बुडवून जस्त चढवलेली पोलादी चेसिस घ्यावी. लांबचा, चांगला रस्ता आणि ओढणारी गाडी हलकी असेल तर ॲल्युमिनियम.

कारण साधं आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण त्याचा ताठपणाही तेवढाच कमी. म्हणून त्याचे भाग जाड करावे लागतात. शिवाय वारंवार लवत राहिल्यानं धातूला येणारा थकवा पोलाद एका मर्यादेखाली जवळजवळ कायम सोसतं, ॲल्युमिनियमला तशी ठाम मर्यादा नाही. हादरे मोजले जातच असतात आणि एक दिवस वेल्डजवळ तडा दिसतो. तडा गेल्यावर दुरुस्तीही कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात होत नाही. त्याला वेगळं यंत्र आणि सवयीचा हात लागतो, आणि वेल्डच्या आजूबाजूचा भाग तापल्यानं मऊ पडतो तो वेगळाच.

जस्ताच्या बाबतीत एक गोष्ट नीट विचारा: सगळी चेसिस तयार झाल्यावर बुडवली, की जस्त चढवलेल्या नळ्या आणून जोडल्या? पूर्ण चौकट सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडवली की थर नळीच्या आतही चढतो. आयएसओ १४६१ या जस्ताच्या थराच्या आंतरराष्ट्रीय मानकात ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादावर हा थर सरासरी किमान ७० मायक्रॉन धरला आहे. अशा चौकटीत जस्त आत-बाहेर वाहायला नळ्यांना भोकं ठेवलेली दिसतात. ती भोकं शोधा. आधी जस्त चढवलेल्या नळ्या नंतर वेल्ड केल्या असतील तर जोडाजवळचं जस्त जळून गेलेलं असतं, आणि त्यावर चंदेरी रंग फासलेला असला तरी गंज तिथूनच डोकं काढतो.

ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पोलादी सांगाडा असा मिश्र ट्रेलर असेल तर दोन्ही धातूंच्या मध्ये टेप, रबर किंवा नायलॉनचा वॉशर आहे का बघा. ओल्या जागी हे दोन धातू थेट भिडले की ॲल्युमिनियम लवकर खाल्लं जातं. जुन्या ॲल्युमिनियम ट्रेलरवर रिव्हेटभोवती काळपट ओघळ दिसले तर तो रिव्हेट सैल होऊन घासतोय असं समजा.

माणसाच्या उंचीवरूनच आत डोकावणं

हा भाग मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण बुजलेलं जनावर ट्रेलरही मोडतं आणि स्वतःलाही. अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन जनावरांच्या वाटांमधून स्वतः चालत, त्यांच्या नजरेनं वाट बघत. तेच करा. रॅम्पवरून वाकून, जनावराच्या डोळ्याच्या उंचीनं आत चाला. आत काळोख असेल तर जनावर थबकतं. तळावर उन्हाची पट्टी पडली असेल, साखळी लोंबत असेल, पत्रा खडखडत असेल तरीही थबकतं. वरच्या भागात झरोके असलेला, आतून फिकट रंगाचा ट्रेलर त्यांना बराच सोपा जातो.

मग हात फिरवा. आतल्या चारही बाजूंवर, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. बोल्टची बाहेर आलेली टोकं, पत्र्याची धार, वेल्डचे काटे हाताला लागले तर ते कातडीलाही लागणार. तळ आणि बाजूचा पत्रा यांच्यातली फट, दार आणि उंबरा यांच्यातली फट तपासा. खूर अडकेल इतकी, पण निघणार नाही अशी फट सगळ्यात वाईट. शेळ्या-मेंढ्या आणि वासरं न्यायची असतील तर तुमचा अंदाज आणखी बारीक हवा.

रॅम्पचा उतार मोजा. वर सांगितलेल्या युरोपीय नियमावलीत डुकरं, वासरं आणि घोड्यांसाठी कमाल २० अंश, मेंढ्या आणि मोठ्या गुरांसाठी सुमारे २६.५ अंश उतार चालतो, आणि १० अंशांच्या पुढे पाय रोवायला आडव्या पट्ट्या लागतात. विक्रीच्या जागी सपाट जमिनीवर रॅम्प छान दिसतो. तुमची चढवायची जागा खोलगट असेल तर तोच रॅम्प अवघड होतो.

माणसासाठी पुढे एक छोटं दार हवंच. आत अडकलात आणि जनावर उसळलं तर दुसरी वाट नसते.

कपलिंग, ब्रेक, टायर

हुकाचा गोळा आणि ट्रेलरचं कपलर, म्हणजे त्या गोळ्यावर बसणारं पुढचं तोंड, एकाच मापाचं असायला हवं. २ इंची गोळ्यावर २ ५/१६ इंची कपलर बसल्यासारखं वाटतं आणि खड्ड्यात उडतं. सेफ्टी चेन हुकाखालून फुलीसारख्या अडकवा. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच असेल तर तो प्रत्यक्ष ओढून बघा. त्याची बॅटरी मेलेली असते, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

टायरवरची नक्षी बघून फसू नका. ट्रेलरचा टायर झिजण्याआधी बहुधा म्हातारा होतो. बाजूला कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील तर नक्षी कितीही खोल असो, तो टायर बदलायचा धरूनच भाव करा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार सोसतो ते सांगणारा आकडा, तोही वाचा: १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. स्टेपनी आहे का, आणि ती त्याच मापाची आहे का, हे बघायचं बहुतेकजण विसरतात.

घेतल्यावर काही बिघडलं तर

ट्रेलर डुलायला लागला तर एक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचे ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर तेच हलके लावा. थांबल्यावर जनावरं कुठे सरकलीत ते बघा, मग टायरची हवा.

टायर एकाच कडेनं झिजतोय तर ॲक्सल वाकलाय, जास्त भार पडलाय किंवा चाकाची दिशा बिघडलीये. टायर बदलून हा दोष जात नाही.

इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबला की दिवे मंद होतात किंवा भलताच दिवा लुकलुकतो, तर बल्बच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा अर्थिंगची तार गंजलेली असते. ती चेसिसला जिथे जोडली आहे तो बोल्ट खोलून, धातू उजळ होईपर्यंत घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळा.

वास जात नाही आणि तळ सतत ओला राहतो तर ट्रेलर धुताना पुढचं तोंड जॅकनं थोडं उचला, म्हणजे पाणी मागे वाहून जाईल. मॅट काढून उभी ठेवा, दारं उघडी टाका. जनावरं उतरल्यावर त्याच दिवशी धुतलेला ट्रेलर आणि आठवडाभर तसाच ठेवलेला ट्रेलर यांत काही वर्षांत किती फरक पडतो, ते दोन्ही शेजारी उभे केले की कळतं.

चाकाचे नट पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं नट आवळणाऱ्या पान्यानं) पुन्हा तपासा. त्याच थांब्यावर प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताचा मागचा भाग न्या. सगळे हब सारखेच कोमट असतील तर ठीक. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला लागला तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ब्रेक अडकून घासतोय. जनावरं आत असतील तरी तिथून पुढे निघू नका. सावली शोधा, झरोके उघडे ठेवा, मदत येईपर्यंत त्यांना पाणी द्या.